कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंत उंदीर सुटतात, काय करावं?

प्रश्न: बेटावरून रानटी मांजरं आणि उंदीर हटवायचे आहेत. गवत हललं तरी कॅमेरा चालू होतो, त्यामुळे बहुतेक फोटो रिकामेच. मेगाडिटेक्टर (फोटोतले प्राणी शोधणारं एआय मॉडेल) मांजरं पकडतो, उंदीर मात्र सुटतात.

उत्तर १: मेगाडिटेक्टर प्रजाती ओळखत नाही, प्राणी, माणूस, वाहन एवढंच सांगतो. त्याची पाचवी आवृत्ती फोटोची लांब बाजू १२८० पिक्सेलवर आणते, त्यात लांबचा उंदीर म्हणजे चार ठिपके. मूळ फोटोचे काठ एकमेकांवर चढतील असे तुकडे करून प्रत्येकावर मॉडेल चालवा. कॅमेराही आमिषाच्या जवळ, गुडघ्याखाली बांधा. फार जवळ मात्र नको, इन्फ्रारेड फ्लॅशमध्ये प्राणी पांढराफटक होतो.

उत्तर २: कॉन्फिडन्सचा उंबरठा, म्हणजे मॉडेलला किती खात्री असली की शोध मोजायचा तो आकडा, किती ठेवलाय? ०.५ असेल तर ०.१ वर आणा. खोटे इशारे वाढतील, पण निर्मूलनात एक गाभण मादी सुटली तर सगळी मोहीम पाण्यात. एकाच कॅमेऱ्यात त्याच जागी वारंवार येणारी चौकट (सापडलेल्या गोष्टीभोवती मॉडेल आखतं ती) बहुधा खोड किंवा दगड असतो. अशा चौकटी एकत्र करून एकदाच तपासा.

उत्तर ३: पुढे प्रजातींचं मॉडेल शिकवाल तेव्हा फोटो सरमिसळ करून शिकवणी आणि चाचणी यांत वाटू नका. चाचणीसाठी काही कॅमेरे पूर्ण बाजूला ठेवा. नाहीतर तीच पार्श्वभूमी दोन्हीकडे येते, अचूकता उत्तम दिसते आणि नव्या जागी मॉडेल आपटतं. आणि बेटावर स्थानिक कृंतक (उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी) असतील, तर माणसाने फोटो पाहिल्याशिवाय विष टाकायचा निर्णय अजिबात घेऊ नका.