जुन्या अमेरिकी तबकड्यांचा शोध : जतन झाले, की संग्राहकांची आवड तेवढी उरली?

विश्राम (धागाकर्ता)
अमेरिकेच्या दक्षिणेतील शेतमजूर, फिडल (व्हायोलिन) वाजवणारे आणि चर्चमधले गायक यांचे १९२० नंतरच्या दशकात जे संगीत मुद्रित झाले, ते आज ऐकायला मिळते ते प्रामुख्याने संग्राहकांमुळे, कंपन्यांमुळे नव्हे, असे माझे ठाम मत आहे. विस्कॉन्सिनमधील पॅरामाउंट या तबकड्यांच्या कंपनीचेच पाहा. ही कंपनी म्हणजे खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याचा जोडधंदा होता. तिने चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स यांचे गाणे मुद्रित केले खरे, पण माल इतका हलका वापरला की कोऱ्या तबकडीवरही खरखर ऐकू येई, आणि धंदा बसल्यावर धातूचे मूळ साचे भंगारात गेले. पुढे १९४२ मध्ये युद्धामुळे तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेची (जी बव्हंशी आपल्याच देशातून तिकडे जात असे) टंचाई झाली, तेव्हा जुन्या तबकड्या पुन्हा दळण्यासाठी घरोघरी गोळा करण्यात आल्या. या दोन्हींतून जे वाचले, ते जुन्या बाजारात आणि लोकांच्या माळ्यांवर हिंडून शोधणाऱ्यांनी वाचवले. हॅरी स्मिथने आपल्या संग्रहातून निवडलेली ८४ गाणी १९५२ मध्ये फोकवेज या कंपनीने सहा एलपींवर (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांवर) काढली नसती, तर पुढच्या पिढीपर्यंत हे संगीत कोणत्या वाटेने पोहोचले असते?

अनुराधा
जतनाबद्दल वाद नाही. माझा आक्षेप निवडीला आहे. लेरॉय कार हा पियानोवर बसून संथ, शहरी ढंगाने गाणारा गायक होता. त्याची १९२८ ची ‘हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज’ ही तबकडी कृष्णवर्णीय ग्राहकांनी हौसेने विकत घेतली आणि पुढच्या कित्येक गायकांनी त्याची ढब उचलली. रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये २९ गाणी मुद्रित केली, त्यांचा खप त्या मानाने बेताचाच होता. तरीही १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने जॉन्सनची एलपी काढल्यापासून ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांची ही गायनशैली) म्हटले की तोच डोळ्यांसमोर येतो आणि कारचे नाव जाणकारांपुरते उरते. दुर्मीळ, खडबडीत, एकट्या गिटारवरचे तेवढे अस्सल, ही समजूत मूळ श्रोत्यांची नव्हती. ती तीस वर्षांनंतरच्या, बहुतांशी गोऱ्या आणि शहरी तरुणांची होती.

विश्राम
आपण म्हणता ती चाळणी होती, हे मान्य. पण त्याआधी कंपन्यांनी लावलेली चाळणी अधिक वाईट होती. ओकेसारख्या कंपन्या काळ्यांसाठी एक मालिका आणि गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी दुसरी, अशी सरळ फाळणी करीत. प्रत्यक्षात मिसिसिपी जॉन हर्ट या कृष्णवर्णीय गायकाची शिफारस ओकेकडे केली ती विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाने! स्मिथने आपल्या टिपणांत कलाकारांचा वर्ण मुद्दाम लिहिला नाही, त्यामुळे हर्ट गोरा आहे असे अनेक श्रोते वर्षानुवर्षे समजत राहिले. कंपन्यांनी घातलेली भिंत एका संग्राहकाने अशी पाडली.

मंद्र
आवडीनिवडीचे राहू द्या, पैशांचे काय? स्मिथचा तो संच मूळ कंपन्यांची परवानगी न घेताच निघाला होता. अमेरिकेतील २०१८ च्या कायद्यानुसार १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे २०२२ च्या आरंभी स्वामित्वहक्कातून मुक्त झाली आणि त्यानंतरच्यांना, १९४६ पर्यंत, शंभर वर्षांचे संरक्षण मिळाले. म्हणजे हर्टच्या १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तबकड्या १ जानेवारी २०२९ पर्यंत हक्कदाराच्या मुठीत राहणार, आणि हा हक्कदार बहुधा कंपनीच असते.

विश्राम
हर्टचे उदाहरण तुमच्याही विरुद्ध जाते. त्याने एका गाण्यात अ‍ॅव्हलॉन हे आपले गाव सांगितले होते. तेवढ्या धाग्यावरून टॉम हॉस्किन्स या ब्लूजवेड्याने जुन्या नकाशात ते गाव हुडकले आणि १९६३ मध्ये सत्तरी गाठलेल्या हर्टला शोधून काढले. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. १९६६ मध्ये तो वारला, पण त्या तीन वर्षांत त्याला मिळालेले श्रोते १९२८ मध्ये कंपनीने मिळवून दिले नव्हते.

अनुराधा
हर्टचा हात शाबूत होता, म्हणून ते जमले. सन हाउसचे पाहा. १९६४ मध्ये तीन तरुण त्याला शोधत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला पोहोचले, तेव्हा त्याने गिटार कधीच सोडली होती. अखेर अ‍ॅलन विल्सन या विशीतल्या गोऱ्या मुलाने त्याचीच गाणी जुन्या तबकड्यांवरून त्याला पुन्हा शिकवली. माणूस शोधला म्हणायचे, पण त्याच्याकडून मागणी तबकडीचीच! मधल्या तीस वर्षांत त्याला काय गावेसे वाटले असेल, याची चौकशी किती जणांनी केली?

विश्राम
कोलंबियाने १९६५ मध्ये केलेले त्याचे मुद्रण आपण ऐकले असेल, तर त्यात ‘ग्रिनिन इन युअर फेस’ आहे. गिटार बाजूला ठेवून, नुसत्या टाळ्यांवर गायलेले. १९३० च्या तबकड्यांत हे गाणे नाही आणि ते विल्सनने शिकवलेले नाही.