टास्मानियाला आधी संघ मिळायला हवा होता, गोल्ड कोस्टला नंतर

फुटस्क्रेकर

ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे इथल्या भाषेत नुसतं 'फुटी', यावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. पण मेलबर्न, सिडनी, पर्थला आपली माणसं इतकी झाली आहेत आणि त्यांची मुलं शाळेत जाताना कुठल्या ना कुठल्या क्लबचा स्कार्फ गळ्यात घालतात. तेव्हा विषय मांडतोच.

एएफएल, म्हणजे या खेळाची राष्ट्रीय लीग, तिच्यात आज १८ क्लब आहेत. त्यातले १० एकट्या व्हिक्टोरियाचे, म्हणजे मेलबर्नचे ९ आणि जिलाँग. लीग मुळात तिथलीच, १८९७ साली आठ क्लबांनी सुरू झालेली. १९८२मध्ये साउथ मेलबर्न हा क्लब सिडनीला हलवला, त्याचे आजचे सिडनी स्वान्स. १९८७मध्ये पर्थहून वेस्ट कोस्ट आणि क्वीन्सलँडमधून ब्रिस्बेन बेअर्स आले. मग ॲडलेड, फ्रीमँटल, पोर्ट ॲडलेड. २०११ला गोल्ड कोस्ट सन्स, २०१२ला पश्चिम सिडनीचे जायंट्स. आता २०२८ला टास्मानिया डेव्हिल्स येणार.

माझी तक्रार विस्ताराबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. पीटर हडसन, डॅरेल बाल्डॉक, इयन स्ट्युअर्ट, रॉयस हार्ट, पुढे मॅथ्यू रिचर्डसन, जॅक रिवोल्ट, हे सगळे नामांकित खेळाडू टास्मानियाचे. तिथे हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. त्या राज्याला लीगने स्वतःचा संघ दिला नाही. उलट तिथलं सरकार पैसे मोजून मेलबर्नच्या क्लबांचे सामने आणत राहिलं, २००१पासून लॉन्सेस्टनला हॉथॉर्न आणि २०१२पासून होबार्टला नॉर्थ मेलबर्न. याच काळात कोट्यवधी डॉलर गोल्ड कोस्ट आणि पश्चिम सिडनीत ओतले गेले. जायंट्सनी रग्बी लीगमधून इझ्राएल फोलाऊ आणला, सन्सनी कारमायकल हंट. दोघेही परत रग्बीकडे गेले. आणि इकडे २०१६च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड, तळाचा क्लब आधी निवडतो) टास्मानियाचा एकही मुलगा निवडला गेला नाही. २०१८मध्ये बर्नी आणि डेव्हनपोर्ट हे क्लब राज्याच्या लीगमधून बाहेर पडले.

नवीन जागी बी पेरायला पैसा होता आणि उभं पीक पाण्यावाचून सुकत होतं. यावर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

पश्चिम_सिडनी

असहमत. टास्मानियावर अन्याय झाला, शंभर टक्के मान्य. पण त्याचं खापर आमच्यावर फोडू नका.

टीव्हीचा करार बघा. २०२५ ते २०३१ या सात वर्षांचे ४५० कोटी डॉलर. चॅनेलवाल्यांना आठवड्याला नऊ सामने लागतात, त्यासाठी १८ संघ लागतात, आणि सिडनी-ब्रिस्बेनच्या घराघरांत खेळ पोचवायचा म्हटलं तर तिथे संघ लागतात. याच पैशातून लीग सगळ्या क्लबांना वाटा देते. तुमचा फुटस्क्रेचा बुलडॉग्ज, सेंट किल्डा, नॉर्थ मेलबर्न यांना इतरांपेक्षा जास्त मदत लागते हे तुम्हालाही माहीत आहे. ती येते कुठून?

पश्चिम सिडनीत २५ लाखांवर लोक राहतात. पॅरामॅटा, ब्लॅकटाउन, वेस्टमीड या भागांत आपलीच किती कुटुंबं आहेत! हा पेनरिथ आणि पॅरामॅटा ईल्सचा मुलूख, रग्बी लीगचा बालेकिल्ला. इथे फुटीचा क्लब दहा-पंधरा वर्षांत घट्ट रुजावा ही अपेक्षाच चुकीची आहे. स्वान्स १९८२ला आले आणि त्यांना तिथे पहिली प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळाली २००५ला. मधल्या काळात क्लब बंद पडायची वेळ आली होती. जायंट्स आठव्याच मोसमात, २०१९ला, ग्रँड फायनलला पोचले. रिचमंडने ८९ गुणांनी धुतलं हे खरं, पण पोचले.

आणखी एक. २०१७मध्ये बायकांची लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ संघांत जायंट्स होते. एसेंडन आणि हॉथॉर्न या जुन्या, श्रीमंत क्लबांचे संघ आले २०२२मध्ये. माझी मुलगी दर शनिवारी लाल अंडाकृती चेंडू घेऊन पळते ती या क्लबमुळे. तिला तुम्ही काय सांगणार, तुझा नंबर टास्मानियानंतर?

मॅगपाय_काळापांढरा

बाकीचं सोडा, अकादमीचं बोला. उत्तरेकडच्या चार क्लबांना (स्वान्स, जायंट्स, ब्रिस्बेन, सन्स) अकादमीत आपापल्या भागातली मुलं लहानपणापासून तयार करायची आणि ड्राफ्टमध्ये आधी घ्यायची मुभा आहे. दुसऱ्या क्लबाने बोली लावली की यांनी मागच्या फेऱ्यांचे निवडीचे नंबर एकत्र करून त्यांचे गुण भरायचे, वर सूट, आणि पोरगा यांचा. २०२३ला सन्सनी एका पहिल्या फेरीत चार मुलं अशी घेतली: वॉल्टर, रीड, रॉजर्स, ग्रॅहम. शेवटून पहिला आलेला क्लब वर्षभर हरून जो नंबर कमावतो, त्याला अर्थ काय उरला? सूट आता कमी केली म्हणतात. मुळात हवीच कशाला?

ब्रिस्बेनचा_सिंह

मॅगपाय, ती मुलं अकादमी नसती तर रग्बीत गेली असती. तुमच्या कॉलिंगवूडच्या वाट्याला तरीही आली नसती. आयझॅक हीनी न्यूकॅसलच्या बाजूचा पोरगा, स्वान्सच्या अकादमीमुळे या खेळात टिकला. आणि आमच्या ॲशक्रॉफ्ट भावांवरूनही ओरड होते, ते तर बाप-लेक नियमाने (जुन्या खेळाडूच्या मुलाला त्याच क्लबाने आधी घ्यायचं) आले, अगदी तुमच्याकडे डेकॉस भाऊ आले तसे. तो नियम जुन्या क्लबांना शंभर वर्षांचा साठा देतो. सन्सकडे वडीलच नाहीत, २०११चा क्लब आहे.

बाकी २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन प्रीमियरशिप. गॅबाला आता तिकीट मिळत नाही. यालाच विस्तार म्हणतात.

जुना_फिट्झरॉय

सिंहसाहेब, तुमच्या जर्सीच्या कॉलरखाली मागच्या बाजूला पाच बारीक अक्षरं असतात, बीबीएफएफसी, म्हणजे ब्रिस्बेन बेअर्स-फिट्झरॉय फुटबॉल क्लब. त्यातला पहिला एफ म्हणजे फिट्झरॉय. ज्यांनी ते अक्षर गमावलं त्यांच्या बाजूने लिहितो.

फिट्झरॉय हा मेलबर्नचा क्लब, १८९७च्या आठ क्लबांपैकी एक. आठ प्रीमियरशिप. ऐंशीच्या दशकात कर्ज वाढत गेलं, घरचं मैदान राहिलं नाही, आज इथे उद्या तिथे असं भाड्याने खेळायची पाळी आली. १९९६मध्ये नॉर्थ मेलबर्नशी विलीन व्हायचं जवळजवळ ठरलं होतं. इतर क्लबांनी ते हाणून पाडलं, कारण दोन्ही मिळून संघ फार ताकदवान होईल ही भीती. शेवटी सगळं ब्रिस्बेनच्या पदरात, बेअर्स आणि फिट्झरॉय मिळून ब्रिस्बेन लायन्स झाले. शेवटचा सामना १ सप्टेंबर १९९६, पर्थच्या सुबियाको मैदानावर, फ्रीमँटलविरुद्ध. स्वतःच्या शहरात शेवटचा निरोप घेणंसुद्धा नशिबी नव्हतं.

काही लोक लायन्सबरोबर गेले, काही नॉर्थकडे, आणि पुष्कळांनी फुटी बघणंच सोडलं. २००१ ते २००३ लायन्सनी सलग तीन प्रीमियरशिप जिंकल्या तेव्हा पहिल्या गटातले लोक आनंदाने रडले, हेही मी पाहिलंय. पण २०१०मध्ये क्लबाने छातीवरचा जुना सिंह काढून नवा लावला आणि फिट्झरॉयवाल्यांना कोर्टात जावं लागलं. तो सिंह राहावा हे विलीनीकरणाच्या करारात होतं, तरी! म्हणून क्लब हलवणं, विलीन करणं याला माझा कायम विरोध. संघ वाढवायचे तर नवे वाढवा.

फुटस्क्रेकर

अगदी हेच. आमच्या बुलडॉग्जचं तर १९८९ला फिट्झरॉयशी विलीनीकरण जाहीरही झालं होतं. फुटस्क्रेच्या लोकांनी दारोदार डबे फिरवून तीन आठवड्यांत दहा लाखांवर डॉलर जमवले आणि क्लब वाचवला. २०१६ला तोच क्लब ६२ वर्षांनी जिंकला. प्रशिक्षक बेव्हरिजने जखमी कर्णधार बॉब मर्फीला व्यासपीठावर बोलावून स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. १९८९च्या हिशेबाने हा क्लब तोट्यातला होता. २००७मध्ये नॉर्थला गोल्ड कोस्टला जायला मोठं पॅकेज देऊ केलं होतं, तेही नॉर्थने नाकारलं आणि योग्यच केलं.

पश्चिम_सिडनी, तुमच्या मुलीला मी रांगेत उभं करत नाहीये. तिचा क्लब राहू दे, वाढू दे. माझा प्रश्न त्या वेळच्या निर्णयाचा आहे. २००८-०९ला नव्या संघांची दोन लायसन्स द्यायची होती. एक सिडनीला आणि एक टास्मानियाला देता आलं असतं. दोन्ही अनोळखी प्रदेशात एकदम दिली, आणि सन्सना पहिल्यांदा फायनल्स (मोसमाअखेरची बाद फेरी) गाठायला २०२५ उजाडलं.

पर्थवाली

तुम्हा सगळ्यांचं 'हार्टलँड', खेळाचं मूळ घर, मेलबर्नच्या यारा नदीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

आमची वेस्ट ऑस्ट्रेलियाची लीग १८८५ची, साउथ ऑस्ट्रेलियाची १८७७ची. दोन्ही तुमच्या १८९७च्या आधीच्या! ऐंशीच्या दशकात मेलबर्नच्या क्लबांनी आमचे चांगले खेळाडू पैसे दाखवून नेले. मग स्वतःच कर्जात बुडाले आणि वेस्ट कोस्ट, ब्रिस्बेन या नव्या क्लबांकडून प्रवेशासाठी ४०-४० लाख डॉलर घेतले. तो पैसा कुठे गेला? जुन्या क्लबांचं देणं फेडायला. म्हणजे फुटस्क्रेकर, तुमचे डबे फिरले तसा आमचाही पैसा तुमच्या लीगच्या कामी आला. ही बाजू मेलबर्नमध्ये कुणी सांगत नाही.

पर्थ ते मेलबर्न २,७०० किलोमीटर. आमचे दोन्ही संघ, वेस्ट कोस्ट आणि फ्रीमँटल, एक आठवड्याआड विमानात. आणि ग्रँड फायनल एमसीजीवर, करार थेट २०५९पर्यंत. कोविडमध्ये २०२०ला गॅबावर आणि २०२१ला पर्थला झाली, काहीही बिघडलं नाही. समतोल साधायचा असेल तर सुरुवात तिथून करा. मोसमाची सुरुवात उत्तरेकडे केली म्हणून २०२४ला मेलबर्नमध्ये केवढा गहजब झाला होता, आठवतंय? चार सामने, फक्त चार.

होबार्टची_नर्स

टास्मानियावर सगळेच बोलताय म्हणून इथून लिहिते. संघ आम्हाला हवाय. २०२४ला दहा डॉलरची मेंबरशिप काढली तर दोन लाखांवर लोकांनी घेतली, आणि राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास. माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंटांनी नातवंडांच्या नावाने घेतली.

पण लायसन्सबरोबर अट आली: होबार्टच्या मॅक्वारी पॉइंटला २३,००० आसनांचं, छप्पर असलेलं नवं स्टेडियम. खर्चाचा आकडा वाढत वाढत ११३ कोटी डॉलरवर गेला. त्यात लीगचे दीड कोटी. केंद्राचे २४ कोटी, उरलेलं बरंचसं राज्याच्या डोक्यावर. या वादाच्या धगीतच जून २०२५मध्ये सरकारवर अविश्वास ठराव मंजूर झाला आणि सोळा महिन्यांत दुसऱ्यांदा निवडणूक घ्यावी लागली. डिसेंबरात वरच्या सभागृहानेही मंजुरी दिली, त्यामुळे आता होईल. मी मात्र रोज इमर्जन्सीबाहेर थांबलेल्या ॲम्ब्युलन्स बघते आणि मला हा पैसा टोचतो. होबार्टचं बेलरीव्ह आणि लॉन्सेस्टनचं अशी मैदानं आहेत, त्यांवर सुरुवात करता आली असती.

बास्केटबॉलवाल्यांनी होबार्टला जॅकजम्पर्स संघ दिला, २०२१ला खेळायला लागला, २०२४ला चॅम्पियन. आज शाळेच्या आवारात मुलांच्या अंगावर तीच जर्सी दिसते. फुटीने घालवलेली वर्षं ही अशी.

पश्चिम_सिडनी

नर्सताई, छपराच्या अटीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, ती मला जाचकच वाटते. आमच्या जायंट्सना त्यांच्या शोग्राउंड मैदानावर नवं छप्पर बांधा असं कुणी म्हटलं नव्हतं.

फुटस्क्रेकर

पर्थवाली, ग्रँड फायनलच्या करारावर मी तुमच्या बाजूने आहे. दर चार-पाच वर्षांनी एकदा पर्थ किंवा ॲडलेडला जायला काहीच हरकत नाही.

आणि १९ संघ झाले की दर आठवड्याला एक जण बसणार, म्हणजे विसाव्याची चर्चा येणारच. तेव्हा पुन्हा सुपीक बाजारपेठ शोधत फिरू नका. अगदी उत्तरेकडच्या डार्विनचा विचार करा. तिथल्या जवळच्या टिवी बेटांसारख्या ठिकाणी हा खेळ लोकांच्या रक्तात आहे, एवढ्याशा बेटांनी लीगला मायकल लाँग आणि सिरिल रिओली यांच्यासारखे खेळाडू दिले. लोकसंख्या कमी, उकाडा भयंकर, पैसा तर नाहीच. त्यामुळे तिथला खर्च लीगने स्वतः उचलावा, टीव्हीच्या त्या ४५० कोटींतून. टास्मानियाला लावलं तसं सरकारच्या गळ्यात मारू नये.

पर्थवाली

डार्विन चालेल. पण सामने पावसाळ्यात ठेवू नका आणि त्या मुलांना दर पंधरवड्याला मेलबर्नला नेऊ नका. विमानाचं वेळापत्रक आधी करा, लायसन्स नंतर द्या.