विषय: आनोयाची सहल – नानांच्या बॅटरीचं काय करायचं??

प्रेषक: ताई (खजिनदार)

मंडळी,
शुक्रवारी पैसे भरायचेत आणि अजून एकाच गोष्टीवर घोडं अडलंय. अकरा जण, नऊ सायकली (वहिनी आणि माई गाडीतून येणार, त्यांचं ठरलंय, पुन्हा विचारू नका). आठ सायकली क्रीटला (ग्रीसचं बेट, आनोया तिथलंच डोंगरातलं गाव) उतरल्यावर हेराक्लियन शहरात भाड्याने घ्यायच्या. नववी नानांची. नाना म्हणतात स्वतःचीच ई-बाईक आणणार. एअरलाइन म्हणते सायकल आणा, बॅटरी नको. नाना, तुम्ही काय ते एकदा लिहा, मला फोन करू नका, मी ऑफिसमध्ये असते.
खोल्या तीन दिवसच धरून ठेवल्यात हे लक्षात असू द्या.

---

प्रेषक: नाना
विषय: रे: आनोयाची सहल – नानांच्या बॅटरीचं काय करायचं??

काय करायचं म्हणजे काय, न्यायची. मी स्वतः फोन केला होता, सायकल म्हटल्यावर हो हो म्हणाली ती मुलगी आणि बॅटरीचं नाव काढलं तसं मला वीस मिनिटं गाणं ऐकवत बसवलं. लॅपटॉप नेता येतो, कॅमेरा नेता येतो, आपल्या वहिनी तीन तीन पॉवर बँका नेतात, मग माझ्याच बॅटरीने काय घोडं मारलंय? भाड्याच्या सायकलीची सीट मला चालत नाही हे मागच्या वेळी सगळ्यांनी बघितलंय. माझ्या सायकलीला माझं शरीर माहीत आहे.
– नाना

---

प्रेषक: छोटू

नाना, नियम असा आहे की बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर हँडबॅगेत चालते, १०० ते १६० असेल तर एअरलाइनला विचारून, आणि १६० च्या वर प्रवासी विमानात नाहीच. ना चेक-इनमध्ये ना हातात. पॉवर बँक साधारण ७०-७५ ची असते म्हणून वहिनींना कोणी अडवत नाही. तुमच्या बॅटरीवर ६२५ लिहिलंय, मी गेल्या रविवारी बघितलं. लिथियमने पेट घेतला की विझवायला फार अवघड, म्हणून एवढं कडक. काउंटरवर भांडून उपयोग नाही, बॅटरी तिथेच ठेवून घेतील आणि तुम्ही बॅटरीशिवाय २४ किलोची सायकल घेऊन आनोयाला पोचाल.
कुरिअरनेही सोपं नाहीये, धोकादायक माल वर्ग ९ मध्ये येते ती, साध्या पार्सलसारखी देता येत नाही.

---

प्रेषक: बापू

> बॅटरीशिवाय २४ किलोची सायकल

तर मग उत्तम झालं की! ई-बाईक म्हणजे स्कूटरच, फक्त हेल्मेट वेगळं. आम्ही सिंहगडाला २२ किलोची बिनगियरची सायकल घेऊन डांबरी रस्त्याने वर गेलो होतो, अर्ध्या वाटेवर चेन पडली, हात काळे, तसेच वर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली. तेव्हा कुठे होत्या मोटरी. आनोया साधारण साडेसातशे मीटरवर, निदाचं पठार चौदाशेवर. मध्ये वीस-एकवीस किलोमीटर, तेही डांबरी. म्हणजे शंभर मीटरला सव्वातीन मीटर चढ. याला चढ म्हणतात का?

---

प्रेषक: वहिनी

बापू, सिंहगडाची गोष्ट आता पाठ झालीये, दर वेळी सायकल दोन किलोने जड होते. नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे तुम्हाला माहीत नाही का? आणि पॉवर बँका तीन नाहीत, दोन आहेत. तिसरी माईंची.

---

प्रेषक: आबा

सरासरी सव्वातीन टक्के हे गणित कागदावर बरोबर आहे पण तो रस्ता एकसारखा चढत नाही, कुठे सपाट कुठे एकदम खडा, सरासरीने पाय दुखायचे थांबत नाहीत.
बाकी नानांसाठी हिशोब करून ठेवलाय. माणूस आणि सायकल मिळून ११० किलो धरले (नाना, राग नको) तर ६५० मीटर उचलायला साधारण १९५ वॉट-अवर लागतात, अधिक टायरचं घर्षण, वारा, मोटरची गळती, म्हणजे ३५० पर्यंत जाईल. त्यातलं थोडं नाना स्वतः पेडल मारून देतील अशी अपेक्षा. तेव्हा ५०० ची भाड्याची बॅटरी निदाला जाऊन यायला पुरेशी आहे, उतारावर काहीच लागत नाही. स्किनाकासच्या शिखरावर जायचं म्हटलं तर तिथली वेधशाळा १७५० मीटरवर आहे, तेव्हा वरच्या टप्प्यात मोटरची मदत कमी ठेवावी लागेल. फाटा निदाच्या रस्त्यावरूनच आहे.

---

प्रेषक: दादा (क्रीडा समिती)

हा धागा क्रीडा समितीकडे का नाही आला हे कळेल का? सहल समितीने खोल्या आणि जेवण बघायचं, रूट आम्ही बघतो असं एप्रिलच्या मीटिंगमध्ये ठरलेलं. गणपतीच्या तंबूचं झालं तेच पुन्हा होणार, दोघांनी मागवला आणि ऐन वेळी एकही नाही.

असो. बॅटरीपेक्षा मोठा प्रश्न टायरचा आहे आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. तिथला सगळा डोंगर चुनखडीचा, धारदार, त्यात गुडघ्याएवढी काटेरी झुडपं. डांबर सोडून पाच मिनिटं गेलात की काटा. भाड्याच्या सायकलींना ट्यूबलेस आहे का, आत सीलंट (भोक बुजवणारं द्रव) ताजं आहे का की वाळून पापड झालंय, हे आधी विचारा. काट्याचं भोक सीलंट बुजवतं, पण दगडाने कडेला चीर गेली तर ते काही करत नाही, तिथे आतून तुकडा लावून ट्यूब घालावी लागते. प्रत्येकाकडे एक ट्यूब, पंप, प्लग. मी सगळ्यांचं घेऊन फिरणार नाही. गेल्या वेळी सहा ट्यूब दिल्या, परत दोनच आल्या.

दुसरं, नकाशावर दिसतो तो प्रत्येक कच्चा रस्ता पलीकडे निघत नाही. बरेचसे मेंढपाळांनी कुरणापर्यंत काढलेले आहेत, मितातोपाशी जाऊन संपतात (मितातो म्हणजे त्यांची नुसत्या दगडांची घुमटासारखी झोपडी, चुना-माती काही न लावता रचलेली, आत चीज करायचे). वाटेत जाळीचं फाटक तारेने बांधलेलं असेल तर उघडून जा आणि होतं तसं पुन्हा बांधा. शेळ्या बाहेर गेल्या तर तिथे कोणी इंग्लिशमध्ये रागावत नाही.

ई४ ही पायवाट निदावरून प्सिलोरितिसच्या माथ्याला जाते, २४५६ मीटर, क्रेटमधलं सगळ्यात उंच टोक. तिथे सायकल नेण्यात अर्थ नाही, नुसते सुटे दगड. सायकली निदाला ठेवून ज्यांना चालायचंय त्यांनी चाला. हे मी कोणाला विचारत नाहीये.

---

प्रेषक: ताई (खजिनदार)

दादा, धागा नानांच्या बॅटरीचा आहे. तंबूची पावती माझ्याकडे आहे, हवी असेल तर पाठवते.
नाना??

---

प्रेषक: छोटू

दादा, कुत्र्यांचं राहिलं. मेंढपाळांचे कुत्रे सायकलमागे लागतात, वेग वाढवला की अजून चेव येतो. मी दोन वर्षांपूर्वी बायकोबरोबर गेलो होतो तेव्हा दोन आले, मी जोरात सुटलो आणि ती मागे राहिली, ते प्रकरण अजून घरात निघतं. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि हळूहळू चालत राहायचं. आणि रस्त्यावरच्या पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं दिसतील, घाबरू नका, तिकडे ती जुनी हौस आहे.

---

प्रेषक: माई

गोळ्या?? हे आधी का नाही सांगितलं.

---

प्रेषक: वहिनी

माई, पाट्यांवर मारतात हो, माणसांवर नाही.
मला वेगळंच सांगायचं होतं. आपण जर्मनीहून जातोय, तर चौकात जोरात जर्मन बोलत हसत बसू नका, निदान पहिल्या दिवशी. १९४४ च्या एप्रिलमध्ये, महायुद्धात, जर्मन जनरल क्राइपेला पळवलं, त्याला नेणारे या गावातून गेले होते. ऑगस्टमध्ये जर्मन कमांडर म्युलरच्या हुकमाने अख्खं गाव जमीनदोस्त केलं. त्या हुकमाचा मजकूर गावात दगडावर कोरून ठेवलाय. आणि वर निदाच्या पठारावर कारिन राक या जर्मन शिल्पकार बाईंनी गावच्या मेंढपाळांबरोबर दगड रचून पंखवाला आंदार्तिस केलाय, शांततेचा बंडखोर म्हणून. खालून नुसते दगडांचे ढीग दिसतात, आकृती कळायला वर चढावं लागतं. तर निदाला पोचल्या पोचल्या सगळ्यांनी टाव्हर्नात (खानावळीत) घुसू नका. झ्यूसला लहानपणी लपवला ती गुहाही तिथेच वर आहे, बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर ढाली बडवत होते म्हणे. आपल्या मंडळाच्या मीटिंगसारखं.

---

प्रेषक: बापू

> रागावत नाही

दादा, शेळ्यांचं बरोबर आहे, पण ट्यूब मी परत केली होती. निळ्या पिशवीत.

---

प्रेषक: दादा (क्रीडा समिती)

निळ्या पिशवीत पंक्चर झालेली होती.

---

प्रेषक: नाना

सगळं वाचलं. माझं वजन काढायची काही गरज नव्हती आबा, आणि सिंहगडावर बापू चालत गेला होता, सायकल मी ढकलली, ते लिहायचं राहिलं त्याचं.

जावई गाडी घेऊन बोटीने जाऊ म्हणत होता, अँकोनाहून पात्रास, मग पिरेयसहून रात्रभर हेराक्लियनची बोट. गाडीतून बॅटरी न्यायला काही अडचण नाही असं तो म्हणतो. पण जाता-येता चार-पाच दिवस त्यातच जाणार आणि त्याची सुट्टी आठवड्याची, म्हणजे तिथे पोचून लगेच निघायचं. हिने डोक्याला हात लावला.

तर ताई, माझं नाव भाड्याच्या ई-बाईकमध्ये घाल. पण सीट माझी मी आणणार, सीटपोस्टसकट (सीटखालचा दांडा), आणि पेडलही माझेच. छोटू, सीटपोस्टचा व्यास दुकानाला विचारून ठेव, माझा ३१.६ मिलिमीटर आहे. त्यांचा ३०.९ असेल तर बसणार नाही आणि मग मी तिथे कोणाशी बोलणार नाही. आणि बॅटरी ५०० चीच पाहिजे, चारशेची गळ्यात मारतील.
– नाना

---

प्रेषक: छोटू

नाना, विचारतो. पण त्यांच्या सायकलींना ड्रॉपर पोस्ट (बटण दाबून वर-खाली होणारा सीटपोस्ट) असणार, तो काढून तुमचा साधा घालायचा म्हणजे आतली केबल सोडवावी लागेल. नुसती सीट बदललीत तर चार मिनिटांचं काम आहे.

---

प्रेषक: नाना

ड्रॉपर नको. मधेच खाली जाते ती.

---

प्रेषक: ताई (खजिनदार)

भाड्याच्या नऊ, त्यातली एक ई-बाईक. मी असं लिहून पाठवतेय. सीटबद्दल मला कोणीही ईमेल करू नये.