रंग-आकार शिकवणारे मराठी व्हिडिओ कसे निवडता? (मुलगी सव्वादोन वर्षांची)

नमस्कार मंडळी,

लेक सव्वादोन वर्षांची आहे. आम्ही दोघंही नोकरीवर, दिवसभर ती सासूबाईंजवळ असते. दुपारचं जेवण मोबाईलशिवाय होत नाही हे आधीच कबूल करते, म्हणजे 'मोबाईल दाखवूच नका' छापाचे प्रतिसाद जरा कमी येतील. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणते, आणि दोन ते पाचमध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास. डॉक्टरांकडून हे ऐकून झालंय. आम्ही ओढूनताणून चाळीस मिनिटांवर आलो आहोत. त्या चाळीस मिनिटांत लावायचं काय, एवढाच प्रश्न आहे.

तीन महिने रंगांची गाणी चालू आहेत. सगळी तोंडपाठ. 'पिवळा पिवळा' आलं की उडी ठरलेली. परवा टोमॅटो समोर धरून विचारलं, हा कोणता रंग? म्हणाली, निळा. केळं? निळा. वरणभातसुद्धा निळा! नवरा हसून लोळला, पण मला पोटात गोळा आला.

त्यात भर म्हणजे सासूबाई लालला तांबडा म्हणतात. व्हिडिओत लाल, आणि इंग्रजी लावला तर रेड. शिवाय आपलं ते हिरवा-हिरवी-हिरवं आहेच. पोरीचा गोंधळ आम्हीच करतोय का?

आकारांचं वेगळंच. त्रिकोणाला ती 'समोसा' म्हणते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोच त्रिकोण टोक खाली करून दाखवला की 'नाही' म्हणून मान हलवते.

तुम्ही व्हिडिओ निवडताना काय बघता? नावं सुचवलीत तर उत्तमच.

प्रतिसाद १

बालवाडीत चौदा वर्षं शिकवते आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

सगळं निळं, ही चांगली बातमी आहे. 'कोणता रंग' विचारल्यावर तिने 'केळं' किंवा 'मम्मं' असं उत्तर दिलं नाही, रंगाचाच शब्द दिला. म्हणजे रंग नावाचा एक कप्पा असतो हे तिला कळलंय. कप्प्यात काय कुठे ठेवायचं ते कळेपर्यंत पुष्कळ मुलं तीन वर्षांची होतात. तोवर तोंडी परीक्षा बंद. 'हा कोणता?' न विचारता 'लाल वाटी दे बघू' म्हणा. ओळखणं आधी येतं, नाव घेणं मागाहून.

आता व्हिडिओ. डोळे मिटून दोन मिनिटं नुसता ऐका. 'लाल चेंडू, लाल गाडी' असं चाललंय, की 'चेंडू लाल आहे, गाडी लाल आहे' असं? मानसशास्त्रज्ञ मायकेल रामस्कर आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर हे करून पाहिलं होतं, 2010 मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रयोग इंग्रजीतला. वस्तूचं नाव आधी आणि रंग नंतर असं ऐकलेल्या मुलांना रंग जास्त चांगले कळले. कारण साधं आहे. 'चेंडू' म्हटलं की नजर चेंडूवर जाते, मग कानावर पडलेला 'लाल' त्या चेंडूच्या कशाला तरी लागतो. 'लाल' आधी आलं तर ते कशाला चिकटवायचं हेच मुलाला माहीत नसतं. आपण बोलताना 'मिरची हिरवी आहे बघ' म्हणतोच. गाण्यांत मात्र चालीसाठी उलटं होतं.

दुसरं, एका रंगाच्या वेगवेगळ्या वस्तू हव्यात. दर वेळी लाल मोटारच आली तर 'लाल' हे मोटारीचं नाव होऊन बसतं. नुसते फुगे आणि चकचकाट असेल तर वगळा.

शब्दांच्या लिंगाची काळजी करू नका. मोठा चेंडू, मोठी बस, मोठं घर हे ती ऐकतेच ना? तेच इथे. लाल, गुलाबी, केशरी तर बदलतही नाहीत. पण भाषांतर करून ढकललेल्या व्हिडिओंत सर्रास 'हिरवा पान' ऐकू येतं. तो मी तिथेच बंद करते.

आकारांत मी आणखी एक बघते: 'वर्तुळ' म्हणून चेंडू दाखवलाय का? चेंडू गोल खरा, पण वर्तुळासाठी बांगडी दाखवायला हवी. आणि आयत दाखवून 'हा चौकोन नाही' म्हणणारे महाभाग आहेत. चार बाजूंचा तो चौकोनच. त्रिकोणाचं तुमच्या मुलीचं काही चुकत नाही, तिने आजवर पाय जमिनीला टेकलेलेच त्रिकोण पाहिलेत. बहुतेक पुस्तकंही तशीच. समोसा ताटलीत फिरवून दाखवा.

प्रतिसाद २

भाजी निवडायला शेजारी बसवा. वांगं, टोमॅटो, मिरची. व्हिडिओ कशाला हवा?

प्रतिसाद ३

आम्ही जर्मनीत. घरी मराठी, किटात (इथल्या पाळणाघरात) जर्मन. मुलाला रंगांची दोन्हीकडची नावं आली, जरा आगेमागे आली इतकंच. तांबडा-लालची चिंता सोडा, आजीचा शब्द टिकू दे.

तांत्रिक मुद्दा. यूट्यूब किड्समध्ये फक्त तुम्ही मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे. ती लावली की मुलाला शोधही घेता येत नाही. आपोआप पुढचा लागणं बंद करा. आमच्याकडे पाचच व्हिडिओ होते, आलटून पालटून. मुलं कंटाळत नाहीत, आपण कंटाळतो. अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात तर एकच भाग आठवड्याचे पाच दिवस दाखवायचे. त्यात प्रश्न विचारून गप्प बसतात, मुलाला उत्तर द्यायला वेळ देतात. असा थांबा असलेला मराठी व्हिडिओ मिळाला तर सोडू नका.

जाता जाता: चार-साडेचार वर्षांनंतरही लाल-हिरव्यात गल्लत राहिली तर डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा मुलांमध्ये जास्त आढळतो, मुलींमध्ये क्वचित. सव्वादोनला तो विचारही नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद २, भाजी निवडताना सासूबाईंच्या हाताला सुरी असते आणि पोरगी ती ओढते, म्हणून कचरत होते. आता त्यांनी युक्ती काढली आहे. भाजी चिरायच्या आधी टोपली हिच्यापुढे, सुरी ओट्यावर.

काल रात्री आठ व्हिडिओ डोळे मिटून ऐकले. पाच बाद. त्यातल्या दोनमध्ये 'पिवळा फूल' होतं. उरलेल्या तीनपैकी एकात ताई खरी भांडी-कपडे दाखवते, मागे संगीत नाही, विचारून थांबते. दिसायला अगदी साधा. लेक दोनदा शांतपणे बघून तिसऱ्यांदा उठून गेली. तिला जुना फुग्यांचाच हवा होता, मग रडारड. सासूबाई मांडीवर घेऊन बसल्या आणि ताईच्या प्रश्नांना त्याच उत्तरं देऊ लागल्या, 'बादली तांबडी गं!' तेव्हा कुठे परत आली.

आज टोमॅटो अजून निळाच आहे. मिरची मात्र हिरवी म्हणाली. दोडकाही 'हिरवी'.

तिरपे, उलटे, लांबुडके त्रिकोण दाखवणारा मराठी व्हिडिओ कुणाच्या पाहण्यात आहे का? असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.