मदत हवी आहे : टास्मानियात एकाच नावाचे दोन हद्दपार कैदी, आमचा कोणता?

माझे जावई मूळचे होबार्टचे आहेत. त्यांच्या आजोबांचे खापरपणजोबा इंग्लंडमधून हद्दपार होऊन व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला आले, हे त्या घरात पूर्वी कुजबुजत सांगितले जाई. आता ते मिरवले जाते आणि कागद धुंडाळण्याचे काम निवृत्त सासऱ्यांकडे, म्हणजे माझ्याकडे, आले आहे. नाव मुद्दाम देत नाही. विल्यम, आणि पुढे आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांइतके सर्रास आडनाव, एवढ्यावरून अडचण लक्षात यावी.

खात्रीचा कागद एकच आहे : १८४६ सालची होबार्टमधील विवाहनोंद. मात्र त्या काळी तिथल्या विवाहनोंदीत आईवडिलांची नावे लिहीत नसत, त्यामुळे मागे जाणारा धागा तिथेच तुटतो. त्या नावाचे, जवळपास सारख्याच वयाचे दोन कैदी सापडले आहेत. एकाला १८३४ मध्ये लँकेस्टरच्या न्यायालयाने कापडचोरीसाठी सात वर्षांची हद्दपारी दिली. दुसऱ्याला पुढच्या वर्षी वॉरिकला मेंढीचोरीसाठी आजन्म. (१८३२ पूर्वी याच गुन्ह्याला फाशी होती.) लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील 'एचओ ११' या हद्दपार कैद्यांच्या नोंदवह्यांत जहाज, न्यायालय, तारीख आणि शिक्षेची मुदत एवढेच मिळते. टास्मानियाच्या 'कॉन ३१' या वर्तणूक-नोंदवह्या अधिक बोलक्या आहेत, आणि शारीरिक वर्णनाच्या वह्यांवरून पहिल्याच्या दंडावर जहाजाचा नांगर गोंदलेला होता हेही कळले. पण व्याह्यांच्या पूर्वजाच्या दंडावर काय होते, हे सांगणारे आता कोण आहे?

माझा तर्क असा. शिक्षा चालू असलेल्या कैद्याला लग्नासाठी सरकारी परवानगी लागे आणि तिची नोंद होई. १८४५-४६ च्या परवानग्यांत हे नाव नाही. पहिल्याची मुदत १८४१ मध्येच संपली होती, त्याला परवानगीची गरजच नव्हती, म्हणून तोच आमचा असावा. परंतु दुसऱ्याला तोपर्यंत सशर्त माफी, म्हणजे ब्रिटनला परत न जाण्याच्या अटीवर सुटका, मिळाली असेल, तर त्यालाही परवानगी लागली नसती आणि हा तर्क कोसळतो, आणि नेमक्या त्याच्याच पानावरच्या शेवटच्या ओळी बांधणीच्या घडीत गेल्यामुळे वाचता येत नाहीत.

वर्तणूक-नोंद वाचता येत नसेल, तर सशर्त माफीची तारीख आणखी कोणत्या कागदांत शोधावी? दुसरे असे, की १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील व्हिक्टोरियात सोने सापडल्यावर हे पूर्वज समुद्र ओलांडून तिकडे गेले, असे घरचे म्हणतात. व्हिक्टोरियाच्या १८५३ नंतरच्या मृत्युदाखल्यांत जन्मस्थळ आणि आईवडिलांची नावे लिहीत, तेव्हा योग्य दाखला मिळाला तर लँकेशायर की वॉरिकशायर, म्हणजे पहिला की दुसरा, याचा निकाल लागेल. मात्र सूचीत याच नावाचे अनेक मृत्यू आहेत आणि प्रत्येक दाखल्याला पैसे पडतात. कोणता मागवावा, हे आधी ठरवण्याचा काही मार्ग आहे का?

वंशावळीच्या संकेतस्थळांवर लोकांनी जोडलेले वृक्ष मी पाहिले आहेत. तिथे हे दोन्ही विल्यम एकाच माणसात मिसळलेले आहेत, म्हणून मूळ नोंदवह्या स्वतः हाताळलेल्या जाणकारांनी उत्तर द्यावे, ही विनंती.