रॉक क्रॉलिंग पहिल्यांदाच: हवा किती ठेवायची, लाइन कशी धरायची?

नवी_वाट:
नमस्कार. ट्रेल पार्कमध्ये एक दिवस रॉक क्रॉलिंगला (खडकांवरून गाडी हळूहळू चढवत न्यायला) जायचं ठरतंय. गाडी कंपनीतून आली तशीच आहे. मॅन्युअल गिअर, पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह, लो रेंज (कमी वेग, जास्त ताकद देणारे गिअर) आहे, पण दोन्ही डिफ (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे डिफरन्शियल) ओपन, दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉकर नाही. ऑल-टेरेन टायर, वजन दीड टनाच्या आसपास. चिखलात चालवायची सवय आहे, खडकावर नाही. हवा किती उतरवू? आणि चाकं अधांतरी झाली तर काय करायचं?

खडकवाट:
रस्त्यावर ३२ पीएसआय ठेवत असाल तर साध्या रिमवर या वजनाला १६ ते १८ पर्यंत उतरवा. टायर थंड असताना, चारही चाकांत गेजने मोजून. मऊ टायर दगडावर टेकतो तेव्हा त्याचा आकार घेतो, जमिनीला लागणारा पट्टा लांबतो आणि घसरणं कमी होतं. १२ च्या खाली बीडलॉक रिमशिवाय (टायरची कड आवळून धरणारा रिम) जाऊ नका. दगडाच्या कडेला टायर आडवा दाबला गेला की बीड, म्हणजे टायरची आतली कड, रिमवरून सुटतं आणि सगळी हवा एका झटक्यात जाते.

एक तोटा लक्षात ठेवा: हवा कमी केली की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) बाहेर फुगते, आणि चिरण्याचा धोका तिलाच सगळ्यात जास्त. म्हणून धारदार दगडाला टायर कडेने घासू द्यायचा नाही, समोरून चढवायचा. परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायलाच हवी. कमी हवेवर वेगात टायर तापून फाटतो. कॉम्प्रेसर सोबत ठेवा.

लो_रेंज:
हवेबद्दल वर सगळं आलंय, मी गिअर आणि लाइनवर (दगडांतून चाकं न्यायची वाट) लिहितो.

चिखलात वेग टिकवावा लागतो. खडकावर वेग हाच शत्रू. लो रेंज, पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय काढून टाका. पहिला गिअर ४.४, लो रेंज २, डिफ ४.१ धरलं तर गुणाकार ३६ येतो. म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलला ७० सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर गाडी ताशी जेमतेम ३ किलोमीटरने सरकते. एवढं पुरतं. हाफ क्लचवर चढवायला गेलात तर दुपारपर्यंत क्लच जळल्याचा वास येईल.

लाइन निवडताना नवखे लोक मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेतात. तिथेच डिफचा गोळा आपटतो किंवा गाडी पोटावर बसते. दगडावर चाक चढवा, म्हणजे गाडीचं पोट वर उचललं जातं. आपल्या गाडीचा डिफ मधोमध आहे की एका बाजूला, हे घरीच खाली वाकून बघून ठेवा.

पायरीसारखा दगड आला तर टायर आधी त्याला हलकेच टेकवा, थांबा, मग थोडा थोडा ॲक्सिलरेटर वाढवा. लांबून धडक देऊ नका. पुढची चाकं चढली म्हणून पाय सैल सोडू नका, त्याच दगडावर मागची चाकं अजून यायची असतात.

स्पॉटर (बाहेर उभं राहून चालकाला खुणा करणारा) एकच असावा. चौघं चार दिशांना हात करू लागले तर थांबा आणि कोणाचं ऐकायचं ते आधी ठरवा. स्पॉटरने गाडीच्या उताराकडच्या बाजूला कधीही उभं राहू नये.

नवी_वाट:
खूप आभार. पण ओपन डिफमध्ये तिरप्या कोपऱ्यांची दोन चाकं हवेत गेली, तर उरलेली दोन फिरणारच नाहीत ना?

खडकवाट:
फिरणार नाहीत, कारण ओपन डिफ दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो आणि हवेतलं चाक जवळजवळ काहीच मागत नाही. उपाय: ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेक हलका दाबा. हवेतल्या चाकाला विरोध मिळतो, तेवढाच टॉर्क जमिनीवरच्या चाकाकडे जातो. क्लचला हात लावायचा नसल्यामुळे डावा पाय मोकळाच असतो. गाडीत ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर ते हेच काम करतं, फक्त त्याला एक-दोन सेकंद द्या, लगेच पाय उचलू नका.

तरीही हललं नाही तर थांबा. हवेतलं चाक जोरात फिरवत ठेवणं सगळ्यात महागात पडतं. ते खाली टेकताच एकदम पकड मिळते आणि सगळा झटका ॲक्सल शाफ्टवर किंवा सीव्ही जॉइंटवर (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असेल तर सीव्ही तुटण्याची शक्यता आणखी वाढते. अर्धा मीटर मागे घ्या, लाइन एक टायरभर बदला. बऱ्याचदा एवढ्याने सुटतं. नाहीतर हवेतल्या चाकाखाली दगड रचा, आणि पुढे गेल्यावर ते होते तिथे परत ठेवा, ट्रेल बिघडवू नका.

लो_रेंज:
भर घालतो: चढावर गाडी बंद पडली तर न्यूट्रल करू नका आणि वळवायचा प्रयत्न तर मुळीच नको. ब्रेक दाबून ठेवा, क्लच दाबून रिव्हर्स टाका, क्लच सोडा, त्याच गिअरमध्ये इंजिन सुरू करून सरळ खाली या. काही गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरवू देत नाहीत. तिथे आधी इंजिन चालू करून मग रिव्हर्स. गाडी कलंडतेय असं वाटलं तरी हात खिडकीबाहेर काढायचा नाही. अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंतवू नका, चाक दगडाला अडलं की स्टिअरिंग हातातून हिसकतं.

ओढायची वेळ आली तर दोर टो हुकला किंवा रेट केलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच. ट्रेलरच्या टो बॉलला कधीही नाही. तो तुटून गोळीसारखा उडतो. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

संध्याकाळी निघण्याआधी टायरची आतली बाजू, ब्रेकचे होज आणि टाय रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारा दांडा) बघा. टाय रॉड वाकला तर स्टिअरिंग सरळ असूनही गाडी एका बाजूला ओढते. रिमच्या आत चिकटलेला चिखलही काढा, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही उगाच अलाइनमेंटला दोष द्याल.