ढगात न गोठलेले पाणी किती, हा खरा प्रश्न

‘डोंगरांवर हिवाळी ढग दाटले की मेघबीजनाने (ढगांत बीजकण फवारून पाऊस वा बर्फ वाढवण्याच्या तंत्राने) बर्फ वाढवता येतो’ हे विधान मला अपुरे वाटते. ढगाच्या दाटपणापेक्षा, शून्याखालील तापमानातही द्रवरूप राहिलेले पाणी त्यात किती आहे हे निर्णायक असते. नैसर्गिक हिमकण आधीच भरपूर असतील, तर हे द्रवरूप पाणी गोठवण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या सिल्व्हर आयोडाइडला करण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणूनच अमेरिकेतील आयडाहो राज्यात, पेएट नदीच्या खोऱ्यावर, २०१७च्या जानेवारी ते मार्चमध्ये झालेल्या ‘स्नोई’ प्रयोगात वायोमिंग विद्यापीठाचे ‘किंग एअर’ विमान थेट ढगांतून नेऊन द्रवरूप पाणी आणि हिमकणांचे आकार व संख्या मोजण्यात आली. फवारणीचे दुसरे विमान वाऱ्याला आडव्या येरझाऱ्या घालत होते. वारा फवारलेल्या कणांची रेषा पुढे वाहून नेत असल्याने रडारवर नागमोडी पट्टे उमटले, आणि हिमकण वाढले ते त्या पट्ट्यांतच. इतका स्वच्छ पुरावा या विषयात क्वचितच मिळाला आहे, मात्र असे ठळक पट्टे मोजक्याच उड्डाणांत दिसले, हेही नोंदवायला हवे. सोलापूरच्या मेघबीजन प्रयोगाशी याची थेट तुलना करू नये, कारण तिथले ढग मान्सूनचे, उबदार तळाचे आणि उंच वाढणारे असतात.